एका सत्रासाठी जर्मनी: बॅगेआधी पत्ता

तुझा प्रश्न मी पुन्हा एकदा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तू मूळची सांगलीची, पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. कॉलेजच्या करारातून जर्मनीतल्या एका विद्यापीठात हिवाळी सत्रासाठी निवड झाली आहे आणि ऑक्टोबरमध्ये निघायचं आहे. बॅगेत काय भरू, पैसे किती लागतील, शाकाहारी आहे तर जेवणाचं काय, असं विचारलं आहेस. घरच्यांची धाकधूकही लिहिली आहेस.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात मी १४ वर्षं काम करते आहे. विद्यार्थिनी म्हणून मी स्वतः एक सत्र जर्मनीत काढलं आहे. दरवर्षी मुलं बॅगेपासूनच सुरुवात करतात, कारण बॅग डोळ्यांसमोर दिसते. पण बॅगेत काहीतरी राहिलं म्हणून कुणाचं सत्र वाया गेलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे राहायला पत्ता नसल्यामुळे आणि इथे कॉलेजात लेखी मंजुरी नसल्यामुळे मात्र चांगल्या चांगल्या मुलांचे महिने गेलेत. म्हणून या दोन गोष्टी आधी सांगते, बॅगेचं शेवटी.

आधी पत्ता. जर्मनीत सगळ्या कामांची साखळी पत्त्यापासून सुरू होते. खोलीत राहायला गेल्यापासून २ आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन नाव नोंदवावं लागतं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने किंवा वसतिगृहाने सही करून दिलेला, 'ही व्यक्ती इथे राहते' असा कागद लागतो. या नोंदणीचा दाखला बहुतेक बँका खातं उघडताना मागतात. आणि तू भारतातून श्पेअरकोंटोत, म्हणजे व्हिसासाठीच्या गोठवलेल्या खात्यात, जे पैसे ठेवशील ते दरमहा तिथल्या चालू खात्यातच जमा होतात. खोली नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं रखडतं, आणि खातं रखडलं की स्वतःचेच पैसे हाती येत नाहीत.

म्हणून निवडीचं पत्र हातात आलं त्याच आठवड्यात तिथल्या श्टुडिएरेंडेनवेर्ककडे वसतिगृहाचा अर्ज कर. ही विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि मेन्साची, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीची, व्यवस्था पाहणारी संस्था. काही विद्यापीठं करारातून येणाऱ्या मुलांसाठी खोल्या राखून ठेवतात, काही ठेवत नाहीत. तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून एवढंच विचार: आमच्यासाठी राखीव खोल्या आहेत का, आणि अर्ज कुणी करायचा, मी की तुम्ही? शहरावर बरंच अवलंबून आहे. म्युनिक किंवा फ्रँकफर्टमध्ये खोली मिळणं अवघड आणि महाग, लहान शहरांत त्या मानाने सोपं. बाहेरची खोली घ्यावी लागली तर ती पाहण्याआधी किंवा करारावर सही होण्याआधी कुणालाही एक पैसाही पाठवू नकोस. 'मी सध्या परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरियरने पाठवतो' असं सांगणारा माणूस हमखास फसवणारा असतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे पैसे असेच गेले.

खोली मिळाली की आणखी एक बारीकशी गोष्ट कर. खाली दारापाशी पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येक पेटीवर आडनावाची पट्टी. आपल्याकडे पोस्टमन खोली नंबर पाहतो किंवा शेजाऱ्याला विचारतो. तिथे तो पट्टीवरचं नाव पाहतो आणि नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. माझ्या एका विद्यार्थिनीचं बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात निघाला होता. दोन्ही परत गेली, पुन्हा आली, पुन्हा परत गेली. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. नोव्हेंबर अर्धा उलटेपर्यंत ती मैत्रिणींकडून उसने घेऊन दिवस काढत होती. पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर पासपोर्टवर आहे तसं आडनाव लिहून चिकटव. दुसऱ्या कुणाच्या खोलीत भाड्याने राहत असशील तर दोघांची नावं हवीत.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: तिथले क्रेडिट इथे कसे मोजणार?

तिथल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, त्यानंतर परीक्षा. उपयोजित विज्ञानाच्या होखशूले, म्हणजे उच्च शिक्षणाच्या वेगळ्या संस्था, असतात, तिथे सगळं बरेचदा थोडं आधी सुरू होऊन आधी संपतं. तुझ्या पत्रात यातलं कोणतं लिहिलं आहे ते नीट वाच, कारण विमानाचं तिकीट त्यावर ठरतं. आपलं पाचवं सत्र जुलैला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला संपतं आणि सहावं जानेवारीत सुरू होतं. म्हणजे तू पाचवं अर्धं सोडून जाणार आणि सहावं निम्मं होत आलं असताना परतणार. हे 'बघू, आल्यावर करू' म्हणून सोडण्यासारखं नाही.

कॉलेज स्वायत्त असेल तर निर्णय कॉलेजातच होतो. विद्यापीठाशी संलग्न असेल तर फाईल आणखी वर जाते आणि वेळ लागतो. दोन्हीकडे निघण्याआधी तीन गोष्टी लेखी हव्यात. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरणार, त्याचा विभागप्रमुखांच्या सहीचा तक्ता. क्रेडिटचं प्रमाण. तिथे पूर्ण सत्राला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, धरतात आणि एका ईसीटीएसला २५ ते ३० तासांचा अभ्यास. आपल्याकडे सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात, त्यामुळे किती ईसीटीएस म्हणजे आपले किती क्रेडिट हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. आणि तिसरं, सहाव्या सत्रातल्या हजेरीची आणि पहिल्या अंतर्गत चाचणीची सवलत.

यावर गुणांचा एक घोळ होतो. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० म्हणजे नापास. उलटा क्रम माहीत नसलेल्या परीक्षा विभागात १.७ पाहून 'एवढे कमी कसे?' असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. गुण कोणत्या सूत्राने बदलणार तेही त्याच मंजुरीत लिहून घे.

तिथे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागतोच. वेळापत्रक जुळत नाही, किंवा इंग्रजीतला म्हणून जाहीर केलेला विषय जर्मनमध्ये शिकवतात. बदलायला हरकत नाही, पण त्याच दिवशी इथल्या समन्वयकांना ईमेल करून होकार मिळव. एका मुलाने पहिल्या आठवड्यात दोन विषय बदलले, उत्तम गुणांनी पास झाला आणि परत आल्यावर कळलं की ते दोन्ही मंजूर तक्त्यात नाहीत. सातव्या सत्रात नेहमीच्या विषयांबरोबर ते दोन पुन्हा द्यावे लागले, तेही कॅम्पस प्लेसमेंट सुरू असताना. एक ईमेल राहिल्यामुळे हे झालं. मुलगा हुशार होता, त्यामुळे मला आजही वाईट वाटतं. तुझं एक चांगलं आहे की तू तिसऱ्या वर्षालाच जाते आहेस, म्हणजे प्लेसमेंटच्या आधी परत आलेली असशील.

परीक्षेचं असं आहे की वर्गात बसलीस म्हणजे परीक्षेला बसता येतंच असं नाही. बऱ्याच विद्यापीठांत परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. तिची मुदत बहुधा सत्राच्या मध्यावर येऊन जाते आणि गेली की गेली. आपल्यासारखं उशिराचं शुल्क भरून फॉर्म घेतील असं धरून चालू नकोस. अंतर्गत गुण बहुतेक विषयांत नसतात, सगळा भार शेवटच्या एका पेपरवर. वेळापत्रकावर १० सी.टी. असं दिसलं तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. असेल तर बरोबर दहाला. पेपरलाही हेच लागू.

म्हणून परतीचं तिकीट परीक्षेच्या तारखा जाहीर होईपर्यंत पक्कं करू नकोस, किंवा तारीख बदलता येईल असं घे. स्वस्त मिळालं म्हणून १५ फेब्रुवारीचं तिकीट काढलेल्या मुलीचा पेपर २६ तारखेला लागला होता. तिला तो सोडून यावं लागलं.

व्हिसाबद्दल फार लांबवत नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्यामुळे राष्ट्रीय व्हिसा लागतो, शेंगेनचा पर्यटक व्हिसा चालत नाही. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. पत्र आल्याबरोबर कामाला लाग, कारण छाननीला कित्येक आठवडे लागू शकतात. व्हिसा हातात आला की त्यावरच्या तारखा वाच. तुझा सगळा मुक्काम त्यात बसत असेल तर प्रश्न नाही. बसत नसेल तर तिथे उतरल्यावर लगेच परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तिथल्या भेटीच्या वेळा महिना-महिना पुढच्या मिळतात.

पैसे. गोठवलेल्या खात्यासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरोंचा हिशोब आहे. ६ महिन्यांचे ५,९५२ युरो. एका युरोचे १०० रुपये धरले तरी ६ लाखांच्या आसपास, आणि भाव त्याहून वर असेल तर तेवढा फरक. हे पैसे खर्च झालेच पाहिजेत असं नाही, ते तुझेच आहेत. वसतिगृहाची खोली लहान शहरात साधारण २५० ते ४०० युरो, विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला साधारण १४० ते १५०, स्वतः रांधून खाल्लं तर जेवणाला २०० पुरतात. करारातून जात असल्यामुळे तिथली शिकवणी फी सहसा लागत नाही. सत्राचं अंशदान मात्र भरावं लागतं आणि बरेच ठिकाणी त्यातच शहराच्या बस-ट्रामचं तिकीट येतं.

खरी अडचण पहिल्या ३-४ आठवड्यांत येते. गोठवलेले पैसे अजून सुटलेले नसतात आणि अनामत, पहिलं भाडं, अंशदान, पांघरूण-उशी सगळं एकदम अंगावर येतं. माझा आकडा आहे १,५०० युरो, गोठवलेल्या खात्याच्या बाहेरचे, त्यातले २००-३०० रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर. शहर महाग असेल तर जास्त. भारतातल्या बँकेला दिलेला मोबाईल नंबर चालू ठेव, रोमिंग सुरू करून जा आणि रिचार्ज संपू देऊ नकोस. नाहीतर ओटीपी येत नाही आणि वडिलांनी पाठवलेले पैसे डोळ्यांसमोर असून हलवता येत नाहीत.

प्रवास विमा आणि आरोग्य विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवास विमा उतरल्यापासून नावनोंदणीपर्यंतच्या दिवसांपुरता. विद्यापीठात नाव नोंदवायला तिथे मान्य असलेला आरोग्य विमा लागतो. भारतातला एजंट 'हाच चालतो' म्हणाला तरी विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस.

म्हणजे क्रम असा लागतो: कॉलेजची लेखी मंजुरी, खोलीचा अर्ज आणि व्हिसा ही तिन्ही कामं आजपासून एकाच वेळी. उतरल्यावर किल्ली, पेटीवर नाव, २ आठवड्यांत नोंदणी, मग बँक. नोव्हेंबर लागला की परीक्षेच्या नोंदणीची मुदत शोधायची. आणि सगळ्यांत शेवटी परतीची तारीख.

उतरण्याचा दिवस निवडताना काळजी घे. वसतिगृहाची किल्ली हाउसमाइस्टर देतो, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणारा माणूस, आणि तो कामाच्या दिवशी ठराविक तासांतच भेटतो. ३ ऑक्टोबर हा जर्मन ऐक्य दिन, देशभर सुट्टी. एका वर्षी तो शुक्रवारी आला. माझा विद्यार्थी गुरुवारी संध्याकाळी पोचला आणि सोमवार सकाळपर्यंत ४ रात्री त्याला प्रवाशांच्या होस्टेलात पैसे मोजून काढाव्या लागल्या. रविवारी दुकानं बंद असतात हेही तेव्हाच कळलं. सोमवार ते बुधवारच्या मध्ये, सकाळी उतरशील असं तिकीट बघ आणि किल्लीची वेळ ईमेलवर आधी ठरवून घे. किल्ली मिळाली की सामान ठेवायच्या आधी भिंती, गादी, शेगडी, खिडकी यांचे फोटो काढ. जाताना अनामतीवरून वाद झाला तर हेच कामी येतात.

खोलीत राहायला गेल्यावर काही आठवड्यांनी सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो, घरटी एक. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नकोस. दोघी-तिघी एका घरात असाल तर एकीने भरून वाटून घेता येतं.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. विषय इंग्रजीत असले तरी नगरपालिकेतली बाई, हाउसमाइस्टर आणि पत्रपेटीतली पत्रं जर्मनच बोलतात. चार महिन्यांत पहिली पातळी सहज होते. पुण्यात बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. वर्ग जमला नाही तर निदान आकडे, वार, तारखा आणि स्वतःच्या नावाची अक्षरं जर्मनमध्ये सांगण्याचा सराव कर. फोनवर नाव सांगावं लागतं तेव्हा तेच अडतं.

आता घरच्यांचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांचा होतो. तुझ्या दुपारी साडेचारला सांगलीत रात्रीचे नऊ, जेवणं आटोपलेली असतात. ही वेळ ठरवून ठेव. डिसेंबरमध्ये याच सुमाराला तिथे अंधार पडतो आणि घरची आठवण तेव्हाच सगळ्यांत जास्त येते, म्हणून ही वेळ मी मुद्दाम सुचवते. पण रोज दोन तास व्हिडिओ कॉलवर राहू नकोस. नोव्हेंबरमध्ये मलाही फार एकटं वाटायचं. वाचनालयात रोज एकाच टेबलावर बसायला लागले तेव्हा समोरच्या मुलीशी ओळख झाली आणि पुढचे दिवस सोपे झाले. दिवाळीला बऱ्याच मोठ्या शहरांत मराठी मंडळांचे कार्यक्रम असतात, तिथे जरूर जा. राहायला मात्र सगळ्या भारतीयांच्याच घरात राहू नकोस. मन फारच खचलं तर श्टुडिएरेंडेनवेर्ककडे समुपदेशन मोफत मिळतं. आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे त्यांनाही धीर वाटेल.

परतताना तीन गोष्टी राहतात: नगरपालिकेत नोंदणी रद्द करणं, विमा बंद करणं आणि गुणपत्रिका. गुणपत्रिका शेवटच्या पेपरनंतर काही आठवड्यांनी तयार होते, तेव्हा तू इथे असशील. ती थेट आपल्या परीक्षा विभागाला ईमेलने पाठवा अशी लेखी विनंती निघण्याआधी करून ठेव. अनामत परत यायलाही वेळ लागतो, म्हणून बँक खातं लगेच बंद करू नकोस.

आणि बॅग. नेहमीची औषधं आणि त्यांची इंग्रजीतली चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. तिथे साधी पॅरासिटामॉलही औषधाच्या दुकानातच मिळते आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. लहान प्रेशर कुकर, सपाट बुडाचा, कारण शेगड्या विजेच्या असतात. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, म्हणून दोन अडॅप्टर. जाड कोट आणि बूट तिथेच घे. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या ने, घट्ट पॅक करून.

डाळ-तांदळाचं ओझं नको. तुर्की दुकानांत आणि साध्या सुपरमार्केटमध्येही मसूर डाळ, काबुली चणे, रवा मिळतो. कणकेसाठी पाकिटावरचा आकडा बघायचा: ४०५ म्हणजे मैद्यासारखं पांढरं पीठ, १०५० जाडसर. १०५० मध्ये थोडं ४०५ मिसळून माझ्या पोळ्या चांगल्या व्हायच्या. फोडणी स्वयंपाकघरातच, पंखा लावून, झाकण हाताशी धरून कर. खोल्यांत धुराची सूचना देणारी यंत्रं असतात आणि अग्निशमन दल विनाकारण आलं तर त्याचा खर्च तुझ्याकडे मागू शकतात.

साजूक तूप नेऊ नकोस. आईला वाईट वाटेल, पण भारतातून तूप, खवा, पनीर असे दुधाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत, तपासणीत सापडलं तर काढून टाकतात. तिथलं साधं लोणी बिनमिठाचं असतं, २५० ग्रॅमच्या पाकिटात. त्यातलं ज्या पाकिटावर 'मिल्डगेझॉयर्ट' लिहिलेलं असतं ते किंचित आंबवलेलं. ते मंद आचेवर कढव, बेरी तांबूस झाली की शेगडी बंद करून भांडं लगेच बाजूला काढ, कारण विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तूप घरच्या लोणकढ्यासारखंच होतं.